जात्याचा खुंटा

पवना धरणाचं पाणी आजवर कधी गोठलेलं नाही. तरीही दर डिसेंबरात राजेश्वरीबाईंच्या बोटीतला एसी, पाणी गोठून फुटू नये म्हणून, पद्धतशीर बंद केला जाई. याचं कारण मावळच्या हवेत नव्हतं, फायलीत होतं.

फाईल राजेश्वरीबाईंच्या यजमानांनी बनवलेली. त्यांनी ही शिडाची बोट परदेशातून जुनी विकत आणली, तिच्यासाठी धरणाकाठी बंगला बांधला आणि बोटीबरोबर आलेल्या पुस्तकातल्या अकरा पायऱ्या मराठीत टाइप करून घेतल्या. बोटीचा एसी घरातल्यासारखा नसतो. तो बोटीच्या तळाला असलेल्या भोकातून धरणाचं पाणी आत ओढतो, त्यावर आपलं यंत्र थंड करतो आणि गरम झालेलं पाणी कुशीतून बाहेर थुंकतो. थंड मुलखात ते पाणी नळीत राहिलं तर त्याचा बर्फ होतो आणि नळी तडकते. म्हणून आधी तळाच्या भोकावरचा कॉक बंद करायचा, नळी सोडवायची, पाणी काढायचं आणि न गोठणारं गुलाबी औषध आत भरायचं. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, फाईल राहिली. जिवंत माणसाशी वाद घालता येतो, गेलेल्याच्या फायलीशी कोण घालणार? राजेश्वरीबाई हिवाळाभर जर्मनीत मुलाकडे असत. तिथं खिडकीबाहेर बर्फ साचला की त्यांना पवनेतली बोट आठवे.

बोट सांभाळायचा तो कान्हू. वरच्या ठाकरवाडीचा, पन्नाशीचा, अंगानं काठीसारखा. आठ वर्षांपासून तो, बायको सावित्राबाई आणि मुलगी हर्षदा बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहत होते. वाडीतलं जुनं खोपट केव्हाच बसलं होतं. खोल्या बंगल्याच्या आणि बंगला बोटीसाठी, म्हणजे हिशेब सरळ होता. बोट पाण्यावर तोवर राखणदार, राखणदार आहे तोवर घर. हे कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. न लिहिलेल्या गोष्टी कान्हूला जास्त पाठ असत.

त्या घरापुढंच आता मांडव पडला होता. शुक्रवारी हर्षदाचं लग्न, गुरुवारी हळद.

कान्हूनं बाईंना फोनवर तसं सांगितलंही होतं. "म्याडम, येत्या गुरवारी घरी हळद हाय."

"अरे वा! अभिनंदन! मग असं करा, गुरुवारी सकाळीच एसीचं उरकून टाका. पंधरा मिनिटांचं तर काम. बारा वाजता मी व्हिडिओ कॉल करते."

कान्हूला पोहता येई, झाडावर चढता येई, सापाला धरून लांब सोडून येता येई. बाईंना 'न्हाई' म्हणणं तेवढं आलं नाही.

मग त्यानं आपल्या परीनं वेळ वाचवला. फायलीतली अकरावी पायरी होती, बॅटऱ्या काढून किनाऱ्यावर नेणे. ती त्यानं बुधवारीच करून टाकली. बोटीत शिरलेलं पाणी आपोआप बाहेर फेकणारा पंप त्या बॅटऱ्यांवर चालतो, हे फायलीत कुठं लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असणार की अकरावी पायरी माणूस अकराव्या नंबरालाच करेल.

गुरुवारी दहा वाजता कान्हू एसीवाल्या उमेशला छोट्या होडीत बसवून बोटीवर घेऊन गेला. उमेश कामशेतचा, लोणावळ्याच्या निम्म्या बंगल्यांचे एसी त्यानं बसवलेले, देहानं भरभक्कम. किनारा सुटल्यापासून त्यानं होडीचा काठ सोडला नव्हता.

"पोहता येतं न्हवं?" कान्हूनं विचारलं.

"पाण्याची भीती नाही मला," उमेश म्हणाला. "फक्त ओळख नाही."

बोट काठापासून दोनशे पावलांवर नांगरलेली होती. आत उतरल्यावर झोपायच्या फळीखालचं झाकण उघडलं की एक अरुंद कप्पा, आणि कप्प्याच्या तळाशी तो कॉक. फायलीतली दुसरी पायरी, कॉक बंद करणे. पहिली पायरी, फाईल नीट वाचणे, ती दोघांनीही झाली असं धरलं.

कॉक हलेना. उमेशनं हात घातला, पण त्याचा खांदा कप्प्याच्या तोंडातच अडकला. मग त्यानं लांब दांड्याचा पाइप पाना आत सोडला, पकड बसवली आणि म्हणाला, "भाऊ, बाजूला व्हा जरा. कामशेतला असे छप्पन्न फिरवलेत."

सत्तावन्नावा फिरला नाही. तो मुळासकट हातात आला. वरून पितळ चकचकीत होतं, आतून परदेशातल्या समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं खाऊन त्याचं बिस्किट झालेलं. बोटीच्या तळाला रुपयाहून मोठं भोक पडलं आणि त्यातून धरण, मनगटाएवढ्या धारेनं, उभं राहून आत आलं.

 कान्हू पोटावर पडला, खांद्यापर्यंत हात कप्प्यात घातला आणि तळवा भोकावर दाबला. धार थांबली. बोटांच्या फटींतून पाणी यायचं ते येतच राहिलं. या गडबडीत त्याच्या खिशातला फोन कप्प्यात पडला आणि बुडबुडेही न काढता गेला.

"फडकं कोंबा!" उमेश ओरडला.

कान्हूनं खांद्यावरचा टॉवेल कोंबून पाहिला. पाण्यानं तो वासराच्या जिभेसारखा बाहेर काढला. नळी परत लावावी, तर लावायला काही उरलंच नव्हतं. पंपाचं बटण दाबलं, बॅटरी काठावर.

"अशा वेळी काय करायचं, फायलीत असेल की!" उमेश पानं उलटू लागला. त्यानं तोवर एकावर एक दोन लाइफ जॅकेटं चढवली होती. "हे बघा, सापडलं. 'प्रत्येक कॉकला दोरीनं निमुळतं लाकडी बूच बांधलेलं आहे. कॉक तुटल्यास ते भोकात ठोकावे.' वा, काय माणूस होता! कुठाय ते बूच?"

कान्हूनं तळवा आणखी जोरानं दाबला.

"भाऊ, बूच!"

"न्हाई."

"नाही म्हणजे? इथं लिहिलंय, बांधलेलं आहे."

"व्हतं," कान्हू म्हणाला. गाल फळीला टेकलेला, त्यामुळं तो जमिनीशीच बोलत असल्यासारखा वाटत होता. "आठ वर्सांमागं व्हतं. लय ग्वाड लाकूड. वीतभर लांब, कसं गुळगुळीत. दोरीला नुसतंच लोंबत व्हतं. म्या घरला नेलं. जात्याला खुंटा नव्हता."

उमेशनं फाईल मिटली. राजेश्वरीबाईंना जाणारे निरोप त्याला ठाऊक नव्हते, नाहीतर त्यानं डोळेही मिटले असते. दर महिन्याच्या एक तारखेला कान्हू बाईंना आवाजी निरोप पाठवी, "बोट ओके, दोऱ्या ओके, बुचं जागेवर." आठ वर्षांचे शहाण्णव निरोप. त्यातले दोन भाग नेहमी खरे असत.

"तुम्ही जा पोहत, घेऊन या," उमेश म्हणाला आणि त्याची नजर भोकाकडं गेली. कान्हू गेला तर भोकावर हात कोण ठेवणार? त्याचा खांदा कप्प्यात जात नव्हता, हे दोघांनीही नुकतंच पाहिलं होतं.

"तू जा व्हडी घिऊन. फोन लाव आदी, हर्षीला. नंबर सांगतो. आन बिगीनं जा. ही बुडली का माजं घर बुडालं बग. उंद्या पोरीचं लगीन त्या घराम्होरं हाय."

होडीत उतरताना उमेश काय म्हणाला ते देवानंच ऐकलं. त्यानं वल्ही मारायला सुरुवात केली आणि होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. काठावर कुणी मदतीला नव्हतं; पर्यटकांसाठी तंबू ठोकणाऱ्यांच्या बोटी शनिवार-रविवारीच जाग्या होतात.

मांडवात तेव्हा जातं मांडलेलं होतं. जात्याला हळदकुंकू लावलेलं, खुंट्याला पिवळ्या फडक्यात सुपारी आणि हळकुंड बांधलेलं, आणि पाच सवाष्णी आळीपाळीनं हात लावून, गाणी म्हणत हळद दळत होत्या. त्या पाचजणींवर देखरेखीला कान्हूची थोरली बहीण धोंडाबाई. लग्नात तिच्या शब्दापुढं भटजीसुद्धा घड्याळ बघत नसे. तिला गाणं थांबवलेलं आवडत नसे, त्यामुळं हर्षदानं फोन कानाला लावून दुसऱ्या कानात बोट घातलं.

"कोण एसीवाले? ... काय झालं बाबांना? ... खुंटा? कसला खुंटा?"

ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. तिनं आईला बाजूला ओढून दोन वाक्यांत सांगितलं.

सावित्राबाईला बोट बुडतेय हे एका दमात समजलं. दुसरी गोष्ट समजायला वेळ लागला. "बोटीचा? ह्यो खुंटा बोटीचा? मला तर म्हनले कामशेताच्या सुताराकडनं मुद्दाम तुज्यासाटी करून आनला. आठ वर्सं मी साऱ्या वाडीला दावत फिरले!"

"आई, ते नंतर. घर जाईल."

घर या शब्दासरशी सावित्राबाई जात्यापाशी पोचली आणि खुंट्याला हात घातला. धोंडाबाईनं तिचं मनगट धरलं.

"ये बाय, ध्यान हाय का ठिकानावर? दळन सुटल्याबिगर खुंटा काडत्यात व्हय? पोरीच्या संसाराला अपशकुन करायचा हाय?"

"वन्सं, बोट बुडायलीय. तुमचा भाव हाय तिच्यात."

"माजा भाव मासा हाय. त्यो बुडायचा न्हाई."

"त्यो न्हाई बुडायचा. पर घर जातंय. उंद्या वऱ्हाड यायचं, तवा दाराला कुलूप दिसंल."

बायकांचं गाणं तुटलं. कुणी हात पुढं करीना आणि कुणी मागंही घेईना. पाचजणींत चौघींनी धोंडाबाईकडं पाहिलं, पाचवीनं जमिनीकडं. सावित्राबाईनं खुंटा ओढला. आठ वर्षांत तो दगडात असा मुरला होता की हलेना. तो खालून ठोकल्याशिवाय निघणार नव्हता, आणि खालून ठोकायचा तर वरचा दगड उलटा करायला हवा, अर्धवट दळलेल्या हळदीसकट.

तेवढं करायला सावित्राबाईचाही हात धजावेना.

हर्षदा पुढं आली. हळद तिची होती, अपशकुन व्हायचा तर तिलाच व्हायचा होता. तिनं काही न बोलता दोन्ही हातांनी दगड उचलून उलटा टाकला. पिवळा चुरा सगळ्या सारवणावर पसरला. शेजारी पूजेचं मुसळ होतं. तिनं ते घेतलं आणि तीन घाव घातले. तिसऱ्याला खुंटा निघाला.

"घे," ती आईला म्हणाली. "आत्ये, मला काय म्हनायचं ते सांच्याला म्हन."

सावित्राबाईनं खुंटा कमरेला खोचला, हर्षदाचा फोन चोळीत घातला आणि उताराला लागली. उमेशची होडी मोठे मोठे गोल घेत वाऱ्यानं काठाशी आली होती आणि अजून फिरतच होती. ती कमरेएवढ्या पाण्यात शिरली, होडीचं टोक धरलं आणि वर चढली.

"सरका तिकडं. तुमी कामशेताचे का वो?"

"हो मावशी."

"वाटलंच. तितं नदी हाय, पर नुस्ती पुलावरनं बगायला."

तिनं वल्ही हाती घेतली. दोनशे पावलं ती कशी आली हे तिला नंतर सांगता आलं नाही.

बोटीत पाणी गुडघ्याच्या वर गेलं होतं. फायलीची पानं, गुलाबी औषधाचा कॅन, पायताणं, सगळं तरंगत होतं. कान्हू अजून तसाच पालथा, पण आता मान ताणून तोंड पाण्याबाहेर ठेवलेलं. ओठ जांभळे पडलेले. डिसेंबरातलं धरणाचं पाणी गोठत नाही, एवढंच त्याच्याविषयी चांगलं म्हणता येईल.

"आनला?"

"आनला. सुतारानं केलेला आनलाय."

कान्हूनं डोळे मिटले. हे केव्हातरी निघणार होतं.

उमेशनं हातोड्याच्या जागी पाना धरला. सावित्राबाईनं खुंटा दिला. कान्हूनं तळवा काढला, धार उसळली, त्यानं चाचपडत टोक भोकात घातलं, आणि खुंटा सरळ आत जाऊन खाली निसटायला लागला. त्यानं तो कसाबसा बोटांत पकडला.

"बारीक हाय!" कान्हू ओरडला. "ह्येचा जाड भाग कुटं गेला?"

"तुमीच तासला न्हवं! जात्याचं भोक ल्हान व्हतं. बसून कोयत्यानं तासलात, मला म्हनलात सुतार जरा चुकला!"

  पाणी कान्हूच्या हनुवटीवरून ओठांवर आलं. उमेश पायरीवर चढून बसला आणि आईला हाका मारू लागला.

सावित्राबाईनं लुगड्याचा पदर दातात धरून टर्रकन फाडला. लग्नासाठी घेतलेलं नव्हतं ते, ठेवणीतलं होतं. हळदीला म्हणून काढलेलं. हातभर पट्टी खुंट्याला आवळून गुंडाळली, वर आणखी एक वेढा दिला आणि गुंडाळलेला खुंटा नवऱ्याच्या हातात कोंबला.

"आता घाला. आन मी म्हनत न्हाई तवर हात काडू नका."

कान्हूनं श्वास घेतला आणि डोकंच कप्प्यात घातलं. पाण्याखाली त्यानं खुंटा भोकात रोवला, दोन्ही हातांनी दाबून धरला. उमेशला या कामाला खांदा आत घालावा लागत नव्हता. त्यानं लांब पाना आत सोडून आंधळा घाव घातला. पहिला कान्हूच्या अंगठ्यावर बसला. दुसरा, तिसरा, चौथा लाकडावर. कान्हू वर आला तेव्हा खोकत होता आणि अंगठ्याचं नख गेलं होतं.

पाणी चढायचं थांबलं. कप्प्याच्या तळाशी हात लावला की फक्त एक गार रेघ बोटाला लागत होती.

तिघंही गुडघाभर पाण्यात बसले.  उमेशनं तोंड उघडलं.

"हे टिकेल किती?"

"लुगड्यावर टिकलंय," कान्हू म्हणाला. "रातीला सुटलं तर सुटलं. बॅटऱ्या आनून पंप लावला तरी ह्या खुंट्याचा भरवसा न्हाई. क्रेननं वर उचलाय पायजे. आजच."

क्रेन पलीकडच्या काठावरच्या बोट क्लबाकडं होती. आणि क्लबवाले ती मालकाच्या शब्दाशिवाय हलवत नसत. राखणदारानं फोन केला तर ते हसून म्हणत, म्याडमना सांगा फोन करायला.

म्हणजे बोट वाचवायची तर बाईंना सांगायला हवं. आणि बाईंना सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

सावित्राबाईच्या चोळीतला फोन वाजला. बारा वाजले होते. कान्हूचा लागेना म्हणून बाईंनी हर्षदाच्या नंबरावर कॉल केला होता.

"उचलू नका," उमेश घाईघाईनं म्हणाला. "ऐका माझं. मागच्या वर्षीचा व्हिडिओ असेल ना तुमच्याकडं? तोच पाठवून द्या. रेंज नव्हती म्हणा. नाहीतरी दरवर्षी सेमच दिसतं. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगा."

"माजा फोन बुडाला," कान्हू म्हणाला.

"मग म्हणा..."

"आन बोट राती बुडाली मंग?"

 उमेशनं एक जॅकेट काढून ठेवलं.

फोन वाजतच होता. कान्हूनं बायकोकडं पाहिलं. तिनं नुसता फोन पुढं केला. घराचं जे काही व्हायचं ते आता तिनं त्याच्या तोंडावर सोडलं होतं.

बाईंच्या मागं मोठी खिडकी होती आणि खिडकीत, तिथल्या पहाटेच्या अंधुक उजेडात, बर्फ. हातात चहा.

"अरे, हे काय, सगळे ओले कसे? झालं का? पायरी दोन, कॉक बंद केला?"

"म्याडम, कॉक तुटला."

"काय?"

"बोटीत पानी शिरलं. आता थांबवलंय. पर क्रेन पायजे, लगीच. तुमी क्लबाला फोन लावा."

बाईंनी कप खाली ठेवला. त्या घाबरल्या, पण गडबडल्या नाहीत. "बूच ठोकलंस ना? यजमानांनी म्हणून तर प्रत्येक कॉकला बांधून ठेवलं होतं. बघ, किती दूरदृष्टी. दाखव मला, नीट बसलंय का."

कान्हूनं फोन कप्प्याच्या तोंडाशी, पाण्याच्या वर धरला. पाण्याखाली हळदीनं माखलेला खुंटा, त्याला सुपारीचं पिवळं फडकं अजून बांधलेलं, आणि भोवती जांभळ्या लुगड्याची पट्टी.

बाईंचा चेहरा पडद्याजवळ आला.

"हे काय आहे?"

"तेच बूच हाय, म्याडम. म्या घरला नेलं व्हतं. जात्याला."

"कधी?"

"आलो त्या वर्सी."

"आणि दर महिन्याला तू मला सांगत होतास..."

"व्हय."

"कान्हू, नाही म्हणून सांगितलं असतंस तर मी दुसरं पाठवलं असतं. चार दिवसांत आलं असतं."

 हळदीच्या दिवशी कामाला कुणी बोलावलं, हे कान्हूच्या जिभेवर आलं असेल. पण आपल्या पारड्यात शहाण्णव निरोप पडल्यावर दुसऱ्याचं वजन काढायला तोंड लागतं. सावित्राबाईला ते होतं. ती पुढं सरकली, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मी क्लबला लावते फोन. तीनपर्यंत क्रेन येईल. तोवर तिथून हलू नकोस." मग जरा थांबून, "लग्न नीट होऊ दे मुलीचं. मग आपण बोलू."

कॉल बंद झाला.

उमेश बालडीनं पाणी उपसू लागला. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय म्हनल्या?" सावित्राबाईनं विचारलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"क्रेन येती."

"आन?"

"लगीन होऊ दे म्हनल्या. मंग बोलू."

"बोलू." तिनं तो शब्द एकदा तोंडात घोळवून पाहिला. वीस वर्षांत तिनं ज्यांच्या ज्यांच्या घरची भांडी घासली, त्यांतल्या कुणी 'बोलू' म्हणून चांगलं काही बोलल्याचं तिला आठवेना. "तुमी येताय का हळदीला?"

"क्रेन येईस्तवर हात काडवत न्हाई ह्येच्यावरनं."

"नका काडू. हळद पाट्यावर वाटून घेतो आमी." ती होडीत उतरली, फाटका पदर खांद्यावर टाकला आणि वल्ही उचलली. "आन मांडववाल्याला सांगते, शनवारी सामान न्यायला येतुयास तर मोटा टेंपो आन. आमचं बी हाय."